मनाच्या दुखण्याचे दोन कागद



अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासें तालुक्यांत सोनई नांवाचें एक मोठें गांव आहे. हा जिल्हा कालपरवांपर्यंत अहमदनगर म्हणून ओळखला जात असे, आणि बोलतांना आपण त्यास नुसतें नगर म्हणत आलों. मला ज्या काळच्या गोष्टी सांगावयाच्या आहेत त्या काळचें नांव तेंच असल्यामुळें मीहि आज तेंच वापरणार आहें. सोनईच्या आसपास उसाचे मळे आहेत, गांवाला सहकारी साखर कारखाना आहे, आणि तेथून दोन कोसांवर शनिशिंगणापूर आहे. शिंगणापूरच्या घरांना कवाडें लावूं नयेत असा तेथील रिवाज. २०११ सालीं तेथें एका बँकेनें शाखा उघडली व तिच्या दाराला नेहमींसारखें कुलूप घातलें नाहीं, तेव्हां ती बातमी देशभर गाजली. एक सबंध गांव श्रद्धेच्या भरंवशावर उघड्या दारानें निजतें, हें ऐकून परक्याला नवल वाटतें.

परंतु त्या टापूंत काय, किंवा आपल्या मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित वस्तींत काय, एक दार असें आहे कीं जें आंतून घट्ट लावलेलें असतें. घरांतील एखाद्या माणसाचें मन आजारी पडलें कीं तें दार लागतें. ताप आला किंवा हाड मोडलें तर शेजारी विचारपूस करतात व आपणहि मोकळेपणानें सांगतों. मन मोडलें तर मात्र आपण म्हणतों, "जरा दगदग झाली आहे," "हवापालटासाठीं मामाकडे गेला आहे." तरीहि त्या बंद दाराच्या फटींतून दोन कागद बाहेर येतातच. एक डॉक्टरांनीं लिहिलेली नोंद आणि दुसरा पैशांच्या हिशेबाचा. पहिला सांगतो कीं या माणसाला काय झालें आहे, आणि दुसरा सांगतो कीं त्याचा खर्च कोणी सोसावयाचा. हे दोन कागद कसे जन्मास आले, त्यांनीं कोणाचें भलें केलें व कोणाचें वाईट केलें, आणि आज आपल्या घरांतील माणसाचें काय काय त्यांवर अवलंबून आहे, हें मी थोडक्यांत सांगणार आहें.

पूर्वीं आपल्याकडे हे कागद नव्हते. वेडा माणूस घरांत असे, नाहींतर देवळाच्या ओवरींत असे. कोणी त्याला देवऋषाकडे नेई, कोणी वैद्याकडे. दक्षिणा दिली जाई, पण पावती नसे. उपचार होई, पण नोंद नसे. त्यांत दया होती तशी क्रूरताहि होती. अन्नाचा घास देणारा हात आणि पायांत साखळी घालणारा हात पुष्कळदां एकाच घरांतला असे. गेल्या दिवसांत काय केलें, कशानें बरें वाटलें, कशानें बिघडलें, हें कोणी लिहून ठेवीत नसल्यामुळें एका रुग्णाच्या यातनांतून दुसऱ्या रुग्णास कांहींच मिळत नसे.

पहिला कागद आला तो सरकारचा. १८५८ सालीं, कंपनीचें राज्य जाऊन राणीचें राज्य येण्याच्या सुमारास, हिंदुस्थानांत वेड्यांविषयीं तीन कायदे एकापाठोपाठ झाले. त्यांचे अनुक्रमांक ३४, ३५ व ३६. पहिले दोन मुख्यतः वेड्याच्या मिळकतीची व्यवस्था कोणी पाहावी यासंबंधीं होते, आणि तिसरा वेड्यांच्या इस्पितळांसंबंधीं. आधीं मिळकत आणि मग माणूस, ही त्या काळची दृष्टि या क्रमांतच दिसून येते. तिसऱ्या कायद्यानें रस्त्यावर भटकणाऱ्या वेड्यास पोलिसानें मॅजिस्ट्रेटपुढें आणावें, आणि डॉक्टराचा दाखला पाहून मॅजिस्ट्रेटनें त्यास इस्पितळांत धाडावें, अशी वाट घालून दिली. मुंबईस कुलाब्याला असें इस्पितळ आधींपासून होतें. नागपूरचें १८६४ सालीं निघालें, रत्नागिरीचें १८८६ सालीं. ठाण्याचें नौपाडा येथील इस्पितळ नरोत्तमदास माधवदास यांच्या नांवानें विसाव्या शतकाच्या आरंभीं उभें राहिलें, आणि त्याच सुमारास पुण्याजवळ येरवड्याचेंहि. पुढें येरवड्याचा विस्तार अडीच हजार खाटांवर गेला. नगर जिल्ह्यांतील माणसाच्या कानांत तेंच नांव बसलें. मुंबईकर जसा "ठाण्याला पाठवा" म्हणून थट्टा करी, तसा पुणें-नगरकडचा माणूस "येरवड्याला न्या" म्हणे. गांवाचें नांव शिवी होऊन बसावें, एवढी धास्ती त्या एका कागदानें निर्माण केली होती. कारण तो कागद उपचाराचा असला तरी त्याचें रूप वॉरंटाचें होतें.

अशा कागदावर किती भार पडूं शकतो याचें उदाहरण शोधावयास नगरच्या बाहेर जाण्याचें कारण नाहीं. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० सालीं युरोपच्या प्रवासांत फ्लॉरेन्स येथें वारले. त्यांच्यामागें १८७१ सालीं एक आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसविण्यांत आला. हेच चौथे शिवाजी महाराज. ते वयांत येण्याच्या सुमारास त्यांच्या बुद्धीस भ्रंश झाला आहे असें सरकारी कारभाऱ्यांकडून सांगण्यांत येऊं लागलें. लोकांत मात्र बोलवा अशी कीं, महाराज वेडे नाहींत, त्यांस वेडें करण्यांत येत आहे. १८८१ च्या जानेवारींत 'केसरी' व 'मराठा' हीं पत्रें निघालीं होतीं. त्यांनीं महाराजांची बाजू घेऊन दिवाण माधवराव बर्वे यांजवर कडक टीका केली. बर्वे यांचीं म्हणून कांहीं पत्रें पुराव्यादाखल पुढें आलीं होतीं. बर्वे यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि कोर्टांत तीं पत्रें बनावट ठरलीं. जुलै १८८२ मध्यें टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस काढून ते सुटले, आणि त्या दिवसांवर आगरकरांनीं एक पुस्तकच लिहिलें.

टिळक-आगरकरांची ही हकीकत आपण शाळेंत शिकतों. परंतु ज्या मुलासाठीं हें सर्व झालें त्याचें पुढें काय झालें, हें फारसें कोणी सांगत नाहीं. महाराजांस नगरच्या किल्ल्यांत आणून ठेवण्यांत आलें. तेथें २५ डिसेंबर १८८३ रोजीं, त्यांच्या देखरेखीस नेमलेल्या गोऱ्या शिपायाशीं झटापट होऊन त्यांचा अंत झाला. वय अवघें वीस वर्षांचें.

महाराजांचें दुखणें खरें होतें कीं नाहीं, याचा निवाडा मी करूं इच्छीत नाहीं. मला दाखवावयाचें आहे तें निराळें. एका बाजूनें सरकार "हा वेडा आहे" असें म्हणत होतें, दुसऱ्या बाजूनें लोक "हा शहाणा आहे" असें म्हणत होते, आणि दोन्ही बाजूंच्या हातांत कागद होते. त्यांतील कांहीं कागद तर बनावट निघाले. त्या तरुणास स्वतःला काय होत होतें, त्याचें स्वतःचें म्हणणें काय, तें मात्र या सर्व कल्लोळांत कोणाच्या कानीं पडलें नाहीं. मनाच्या दुखण्याची नोंद जर दुसऱ्याच्या सोयीसाठीं लिहिली जात असेल, तर ती नोंद नसून हत्यार होतें, हा धडा नगरच्या किल्ल्यानें आपणांस दिलेला आहे.

यानंतर १९१२ सालीं चवथा कायदा या क्रमांकानें नवा वेड्यांचा कायदा झाला. त्याची भाषा आज आपणांस कठोर वाटेल. परंतु त्याच्या परिशिष्टांत डॉक्टराच्या दाखल्याचा जो नमुना होता, त्यांत मला एक मोठें शहाणपण दिसतें. दाखला देणाऱ्या डॉक्टरानें आपलीं कारणें दोन निरनिराळ्या भागांत लिहावयाचीं होतीं. पहिल्या भागांत, वेडाचीं जीं लक्षणें मी स्वतः पाहिलीं तीं. दुसऱ्या भागांत, जीं मला इतरांनीं सांगितलीं तीं, आणि तीं कोणी सांगितलीं त्यांचीं नांवें. नातेवाइकांच्या अर्जावरून माणसास इस्पितळांत ठेवावयाचें असल्यास असे दोन दाखले लागत. स्वतः पाहिलेलें आणि दुसऱ्याकडून ऐकलेलें यांची अशी फारकत ज्या कागदांत केलेली असते, त्या कागदावरून अन्याय करणें अवघड जातें. "सून रात्रभर बडबडते" हें सासूचें सांगणें आणि "मी विचारलेल्या प्रश्नांचीं तिनें नीट उत्तरें दिलीं" हें डॉक्टराचें पाहणें, हीं दोन वाक्यें एकाच कागदावर शेजारीं शेजारीं आलीं, म्हणजे मॅजिस्ट्रेटला विचार करावाच लागे.

त्याच कायद्यांत वेड्यांच्या खर्चाविषयीं एक स्वतंत्र प्रकरण होतें. येथेंच आपल्या दुसऱ्या कागदाचा, म्हणजे देयकाचा, जन्म आपणांस दिसतो. ज्याला कोणी नाहीं त्याचा पोषणखर्च सरकारनें करावा. ज्याची मिळकत आहे त्याच्या मिळकतीतून, किंवा ज्याच्यावर त्याला पोसण्याची कायदेशीर जबाबदारी आहे त्याच्याकडून, दिवाणी कोर्टाच्या हुकुमानें तो वसूल करावा. लक्षांत घ्या, हा खर्च पोषणाचा होता. अंथरूण, जेवण, कपडा आणि पहारा यांचा तो हिशेब होता. डॉक्टर रुग्णाशीं बोलला, त्यानें त्याचें ऐकून घेतलें, याला हिशेबांत वेगळी जागा नव्हती.

इंग्लंडांतहि फार निराळें नव्हतें. तेथें गरीब वेड्याचा आठवड्याचा खर्च त्याच्या पॅरिशवर पडे, आणि श्रीमंताचा त्याच्या घरावर. त्यामुळें एकाच इस्पितळांत 'खाजगी' आणि 'निर्धन' अशा दोन जाती झाल्या. मात्र १८४५ च्या कायद्यानें तेथील इस्पितळांना प्रत्येक रुग्णाची हकीकत वहींत लिहिणें भाग पाडलें. कागदाचा खरा उपयोग जगाला दाखविला तो एका जर्मन डॉक्टरानें. हायडेलबर्गच्या विद्यापीठांत एमिल क्रेपेलिन प्रत्येक रुग्णासाठीं एक पत्रिका लिहून ठेवीत असे. आजार केव्हां सुरू झाला, कसा चालला, कोठें येऊन थांबला, हें तो त्यांत टिपी, आणि वर्षानुवर्षें त्या पत्रिका पुन्हां पुन्हां लावून पाही. त्यांतून त्याला दिसून आलें कीं, कांहीं रुग्णांचें दुखणें लाटेसारखें येतें व ओसरतें, आणि कांहींचें हळूहळू खोल जातें. १८९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तींत या दोहोंची जी विभागणी त्यानें केली, तिच्याच पायावर आजचें निदानशास्त्र बरेंचसें उभें आहे. एकेकट्या रुग्णाचा कागद हा असा पुढच्या सर्व रुग्णांच्या उपयोगीं पडला.

आतां पुन्हां आपल्या मुलखांत येऊं. सोनईच्या शेजारीं राहुरी तालुका आहे. १९३६ सालीं मेहेरबाबांनीं राहुरीस वेड्यांसाठीं एक आश्रम काढला होता. त्यांच्या पंथाचा विचार हा आजचा विषय नव्हे. परंतु रस्त्यावर भटकणाऱ्या वेड्यांस तेथें आणून न्हाऊं घालीत, त्यांची हजामत करीत, त्यांना जेवूं घालीत, आणि याबद्दल कोणापाशीं पैसा मागत नसत, एवढी गोष्ट इतिहासांत नोंदण्याजोगी आहे. पुढें डॉ. विल्यम डॉन्किन या इंग्रज डॉक्टरानें अशा भेटींच्या तारखा, ठिकाणें व माणसें यांच्या नोंदी जमवून १९४८ सालीं 'दि वेफेअरर्स' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. येरवड्यास हुकूम, नोंद व खर्च हें सर्व सरकारी नियमानें चाले. राहुरीस हुकूमहि नव्हता आणि देयकहि नव्हतें, तरी नोंद मात्र राहिली. नोंद ही पैशासाठींच ठेवावयाची नसते, ती माणसाची आठवण म्हणूनहि ठेवावयाची असते, हें त्यावरून मनांत ठसतें.

आणि जेथें नोंद नाहीं व तपासणीहि नाहीं तेथें काय होतें, तेंहि आपण पाहिलें आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंतील एरवाडी येथें एका झोपडीवजा आश्रमास आग लागली, आणि साखळदंडानें बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जागचे न हलतां जळून मेले. तेव्हां कागदाला भिणाऱ्यांनीं कागद नसण्यालाहि भ्यावें.

मनाचा डॉक्टर चार भिंतींच्या त्या दूरच्या इस्पितळांतून निघून आपल्या नेहमींच्या रुग्णालयांत आला, ही या इतिहासांतील सर्वांत मोठी क्रांति होय. कलकत्त्यास १९३३ सालीं डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनीं, आणि मुंबईस १९३८ सालीं जे. जे. रुग्णालयांत डॉ. के. आर. मसानी यांनीं मानसोपचाराचा बाह्यरुग्ण-विभाग सुरू केला. आतां मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाची गरज उरली नाहीं. खोकल्याच्या रुग्णानें ज्या खिडकीशीं उभें राहावयाचें, त्याच खिडकीशीं उदास माणसानेंहि उभें राहून केसपेपर काढावयाचा. १९४६ सालीं भोर समितीनें आपला अहवाल दिला तेव्हां हिंदुस्थानच्या सगळ्या मनोरुग्णालयांत मिळून सुमारें दहा हजार खाटा होत्या. चाळीस कोटींच्या देशांत दहा हजार खाटा! तेव्हां ही खिडकी नसती तर बाकीच्या रुग्णांस जावयास जागाच नव्हती.

या खिडकीमुळें एक नवा प्रसंग उत्पन्न झाला. त्याला रुग्णालयांत 'सल्ला' म्हणतात. एखादा रुग्ण हृदयविकारासाठीं किंवा अपघातामुळें दाखल झालेला असतो. त्याचा डॉक्टर पाहतो कीं हा माणूस रात्रभर जागा राहतो, असंबद्ध बोलतो किंवा जेवत नाहीं. मग तो मानसोपचारतज्ज्ञास चिठ्ठी पाठवितो. तो तज्ज्ञ येतो, खाटेशेजारीं बसतो, आणि एक नोंद लिहितो. चांगली नोंद कशी असावी? मला बोलाविलें कोणी आणि कोणता प्रश्न विचारला, तें आधीं. हकीकत कोणी सांगितली, रुग्णानें कीं नातेवाइकानें, तें पुढें. मग रुग्णाचें दिसणें, बोलणें, चेहऱ्यावरचा भाव, विचारांची गति, कांहीं भ्रम किंवा भास, स्मरण, स्वतःच्या आजाराची जाण. त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे कीं नाहीं, तें स्पष्ट. मग निदान, औषध, आणि पुन्हां केव्हां पाहणार. १९१२ च्या त्या दोन भागांची सावली आपणांस येथेंहि दिसेल.

परंतु देयकाशीं गांठ पडली कीं अडचण सुरू होते. शस्त्रक्रियेचें देयक करणें सोपें. काय कापलें, काय शिवलें, तें दाखवितां येतें. मानसोपचारतज्ज्ञ खर्च करतो तो आपला वेळ आणि आपलें लक्ष. हें मापावें कशानें? अमेरिकेनें याचें उत्तर घड्याळांत शोधलें. तेथें संभाषणोपचाराचे तीस, पंचेचाळीस व साठ मिनिटांचे निरनिराळे सांकेतिक अंक आहेत, आणि किती मिनिटें दिलीं हें नोंदींत नसेल तर विमा पैसे देत नाहीं. वृद्धांसाठीं असलेल्या तेथील सरकारी विम्यानें तर १ जानेवारी २०१० पासून 'सल्ला' या नांवाचे अंकच मान्य करणें बंद केलें. तज्ज्ञाची भेट आतां साध्या भेटीच्या अंकाखालीं मांडावी लागते. तेथें स्थायिक झालेल्या आपल्या मराठी डॉक्टरांची कित्येक संध्याकाळ रुग्ण पाहण्यांत न जातां हे अंक जुळविण्यांत जाते. मात्र त्याच देशानें एक गोष्ट फार चांगली केली. २००३ पासून अमलांत आलेल्या तेथील नियमांनीं उपचाराच्या संभाषणाचीं डॉक्टराचीं खाजगी टिपणें मुख्य दप्तरापासून वेगळीं ठेवल्यास त्यांना विशेष संरक्षण दिलें. रुग्णाच्या लेखी संमतीवांचून विमा कंपनीला तीं मागतां येत नाहींत. पैसे देणाऱ्याला किती कळावें याला सीमा आहे, हें तेथें कायद्यानें मान्य केलें.

आपल्याकडे १९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा आला, तो १९९३ मध्यें अमलांत आला. आणि २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. या शेवटच्या कायद्यांत आपल्या दोन्ही कागदांविषयीं स्पष्ट हक्क दिलेले आहेत. रुग्णास आपली मूलभूत वैद्यकीय नोंद पाहण्याचा हक्क आहे. ती नोंद गुप्त राखण्याचा हक्क आहे, आणि गुप्तता केव्हां मोडतां येईल त्याचे अपवाद मोजून दिलेले आहेत. शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजारालाहि विमा दिला पाहिजे, असें त्याचें २१ वें कलम सांगतें. विमा-नियामकानें १६ ऑगस्ट २०१८ रोजीं कंपन्यांना तसें बजावलें, तरी सर्वांनीं तें लगेच केलें असें नाहीं. ऑक्टोबर २०२२ मध्यें पुन्हां मुदत घालून द्यावी लागली. त्यांतहि मेख अशी कीं, सर्वसाधारण विमापत्र रुग्णालयांत दाखल झालेल्यालाच उपयोगीं पडतें, आणि मनाचे बहुतेक रुग्ण दाखल न होतां महिन्या-दोन महिन्यांनीं सल्ला घेऊन घरीं जाणारे असतात. कायद्यानें दार उघडलें, पण उंबरा अजून उंच आहे.

गरिबाच्या बाजूनें एक चांगली गोष्ट घडली. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या सर्व रुग्णालयांतून तपासणी व उपचार निःशुल्क झाले. केसपेपरालाहि पैसे पडत नाहींत. म्हणजे १९१२ च्या कायद्यानें पोषणखर्चाच्या वसुलीसाठीं जें प्रकरण लिहिलें होतें, त्याची येथें उलटी बाजू आपण पाहत आहों.

आतां समजा, सोनईच्या आसपासच्या एखाद्या मळ्यांतील एक कर्ता पुरुष नगरच्या रुग्णालयांत आणला गेला आहे. त्याच्या पोटांत फवारणीचें औषध गेलें आहे. हा माणूस काल्पनिक आहे, पण तो कोणत्या गांवांत नाहीं? तो वांचतो. डॉक्टर विचारतात, "हें झालें कसें?" घरचे एकमुखानें सांगतात, "चुकून. अंधारांत बाटली बदलली." तसेंच लिहिलें जातें. कां? पूर्वीं त्याचें कारण उघड होतें. १८६० च्या दंडसंहितेचें ३०९ वें कलम आत्महत्येच्या प्रयत्नास गुन्हा ठरवीत असे, आणि खरें लिहिणें म्हणजे आपल्याच माणसाला आरोपी करणें होतें. २०१७ च्या कायद्यानें असा माणूस तीव्र मानसिक ताणाखालीं होता असेंच गृहीत धरावें व त्याला शिक्षा करूं नये असें सांगितलें. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तें जुनें कलमच राहिलें नाहीं. कायदा बदलला, पण तोंडांतलें "चुकून" बदललें नाहीं.

या एका शब्दाची किंमत काय होते पाहा. "चुकून" लिहिल्यावर मानसोपचारतज्ज्ञास बोलाविण्याचें कारणच उरत नाहीं. विष उतरतें, माणूस घरीं जातो, आणि ज्या दुःखानें त्याच्या हातांत बाटली दिली तें दुःख त्याच्या आधींच घरीं येऊन बसलेलें असतें. तज्ज्ञ आलाच, तर देयक हातांत पडतांच कोणी म्हणतो, "डॉक्टरसाहेब, तेवढी मनाच्या डॉक्टरांची ओळ काढून टाका, मुलीचें लग्न जमवावयाचें आहे." तेवढी ओळ काढली तर पुढच्या डॉक्टराला हा माणूस कोणत्या गोळ्या घेत होता तें कळत नाहीं. 'नैराश्य' या शब्दाच्या जागीं 'अशक्तपणा' लिहिला तर पुढें खरें उघड झाल्यावर माहिती दडविल्याचें कारण दाखवून विम्याचा दावा फेटाळला जाऊं शकतो. म्हणजे अब्रू वांचविण्यासाठीं जें खोटें लिहविलें, त्याची फेड पैशानें आणि कधीं कधीं जिवानें करावी लागते.

त्या घरच्यांना मी दोष देत नाहीं. त्यांच्या भीतीला इतिहास आहे, आणि तो मी आतांच आपणांस सांगितला. ज्या कागदानें दीडशें वर्षें माणसांना भिंतींआड नेलें, त्या कागदावर आज एकाएकीं विश्वास ठेवा असें म्हणणें सोपें नाहीं. म्हणून सुशिक्षित कुटुंबांनीं तरी तीन गोष्टींची संवय लावून घ्यावी असें मला वाटतें. पहिली, डॉक्टरांना हकीकत सांगतांना आपण पाहिलेलें आणि आपणांस वाटलेलें वेगवेगळें सांगावें, आणि रुग्णाला त्याचें स्वतःचें म्हणणें सांगूं द्यावें. दुसरी, नोंदीची प्रत मागून घ्यावी व जपून ठेवावी. दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनीं तीन वर्षें जपाव्या व मागितल्यापासून ७२ तासांच्या आंत द्याव्या, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. तेव्हां प्रत मागण्यांत उद्धटपणा नाहीं. तिसरी, देयकांतील ओळ खोडावयास न सांगतां हें विचारावें कीं, हा कागद कोण कोण पाहणार आणि त्यांना किती कळणें जरूर आहे. सत्य दडविणें वेगळें आणि सत्याला पडदा असणें वेगळें.

शिंगणापूरच्या घरांना कवाडें नाहींत, परंतु आंतलीं माणसें कांहीं चव्हाट्यावर राहत नाहींत. येणारा उंबऱ्याशीं थांबतो, हांक मारतो, आणि "या" म्हटल्यावर आंत येतो. मनाच्या दुखण्याच्या कागदाचेंहि असेंच असावें. तो कुलपांत कोंडूं नये आणि रस्त्यावरहि टाकूं नये. ज्याला आंत येण्याचें कारण आहे त्यानें हांक मारून यावें, आणि "या" म्हणण्याचा अधिकार ज्याचें तें मन आहे त्याच्यापाशीं राहावा. नगरच्या किल्ल्यांतील त्या वीस वर्षांच्या राजाला हा अधिकार लाभला नाहीं. सोनईच्या मळ्यांतील माणसाला तो आज कायद्यानें लाभला आहे. तो त्याला वापरूं देणें हें आपल्या घराघरांतील माणसांच्या हातीं आहे.